प्राण्यांच्या गोष्टींची जुनी, हाताने घडवलेली पुस्तकं जमवायची आहेत. अख्खं पुस्तक परवडत नसेल तर सुटी चित्रपानं घ्यावीत का?

नाही. सुटी पानं घेऊ नका. थांबा, आणि पुठ्ठा उडालेलं, कसरीनं खाल्लेलं का होईना, पण अख्खं पुस्तक घ्या.

एवढ्या तावातावानं सांगतेय, कारण हा वाद आमच्या घरात बरीच वर्षं चालू आहे. आमच्या भाऊजींच्या दिवाणखान्यात एक फ्रेम आहे: दोन हंस, मध्ये काठी, काठीला तोंडानं लटकलेलं कासव. शिळाछापाची रेघ, वर हातानं भरलेला रंग. कासवाच्या पाठीवरचा हिरवा रेघेबाहेर गेलाय. सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. एकदा काच फुटली तेव्हा ते पान मी हातात घेतलं. आतल्या कडेला शिवणीची भोकं, त्यातल्या एकात दोऱ्याचा तुकडा, आणि कड पात्यानं सरळ कापलेली. मागच्या बाजूला मजकूर: टिटवी नवऱ्याला काहीतरी सांगायला लागलीय आणि वाक्य अर्ध्यावरच संपलंय.

पंचतंत्रात कासवाची गोष्ट सुटी येतच नाही. समुद्राला न जुमानणाऱ्या नवऱ्याला टिटवी ती ऐकवते, आणि टिटवीची गोष्ट सिंह-बैलाच्या गोष्टीच्या पोटात असते. एक पान काढलं की कोण कुणाला आणि कशासाठी सांगतंय, तेच गेलं. भाऊजी म्हणतात, "पुस्तक कपाटात कुजलं असतं, मी निदान चित्र तरी वाचवलं." मला हे अजिबात पटत नाही. सुट्या चित्रांना गिऱ्हाईक आहे म्हणूनच विकणारे धडधाकट पुस्तकं फोडतात. प्राण्यांच्या गोष्टींत चित्रं भरपूर, त्यामुळे पातं आधी त्यांच्यावरच चालतं.

घेताना पानं सलग आहेत का ते स्वतः मोजा आणि शिवणीजवळ कापलेल्या पानाची पट्टी उरलीय का ते बघा. भिंगाखाली चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली तर ते फोटोवरून केलेलं छापकाम, हातचं नव्हे. लाकडी ठशाचं चित्र असेल तर पानाच्या मागून बोट फिरवा, बऱ्याचदा ठशाचा दाब बोटाला जाणवतो. इंग्रज चित्रकोरक टॉमस बेविकच्या 1818 च्या इसापनीतीतली चित्रं लाकडाच्या आडव्या कापावर (खोड आडवं कापल्यावर दिसणाऱ्या बाजूवर) कोरलेली आहेत, म्हणून रेघा इतक्या बारीक. असं काम एकदा नीट पाहून ठेवलं की नजर तयार होते. सेलोटेप लावू नका. नवी बांधणी करायची घाई नको, जुनी शिवण हाही त्या पुस्तकाचाच भाग आहे.

पुस्तक आधीच मोडून गेलंय आणि एखादंच पान उरलंय, अशा वेळी ते सांभाळायला माझी हरकत नाही. पण कापलेली कड ताजी, पांढरी दिसली तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. आणि एक राहिलंच: एकोणिसाव्या शतकातल्या भडक हिरव्या कापडी बांधणीत आर्सेनिक असू शकतं. अशी प्रत हातमोजे घालून हाताळा, नंतर हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.