पेटीतली आमसुलं चिकट का राहिली?

(युवा मंडळांचे प्रश्न)

प्रश्न : आमच्या मंडळातल्या नववी-दहावीच्या मुलांनी गेल्या मे महिन्यात प्लायवूडची सौरवाळवणी पेटी केली. ४ फूट बाय २ फूट, वर काच, आत काळा पत्रा, त्यावर जीआयच्या जाळीचा ट्रे. खाली अर्ध्या इंचाची सहा भोकं ठेवली. पेटी इतकी तापायची की आत हात ठेववत नसे, तरी पाच दिवसांनी आमसुलं चिकट होती आणि सहाव्या दिवशी बुरशी दिसली. अंगणात टाकलेली मात्र चांगली वाळली. मुलं हिरमुसली आहेत. चूक कुठे झाली?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आधी एक तातडीचं. जीआय जाळीवर जस्ताचा थर असतो आणि कोकमाचं आम्ल जस्त विरघळवतं. त्या जाळीवर वाळलेलं, बुरशी न आलेलं आमसूलही कुणी खाऊ नका, टाकून द्या. ट्रेसाठी स्टेनलेस स्टीलची किंवा खाण्याच्या कामासाठीची नायलॉनची जाळी घ्या. बांबूच्या कामट्यांचा ट्रेही छान होतो. ॲल्युमिनियमही नको.

आता बुरशीबद्दल. तुमची पेटी तापत होती, पण तिला श्वास नव्हता. उष्णतेने सालीतलं पाणी वाफ होऊन बाहेर आलं. ती वाफ जायला वर वाटच नसल्याने काचेला आतून थेंब धरले असतील आणि तेच पुन्हा सालींवर पडले असतील. मुलांना हिशोब करायला सांगा : ५ किलो सालीचं १ किलो आमसूल झालं, तर मधलं ४ किलो पाणी कुठून बाहेर गेलं? अर्ध्या इंचाच्या एका भोकाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सहा भोकांचं मिळून साडेसात. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणून पुढच्या फळीला खाली एक इंचाची बारा भोकं पाडा, ती साधारण ६० चौरस सेंटिमीटर भरतात. मागच्या फळीला अगदी वर, काचेच्या लगेच खाली, २ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर लांब फट ठेवा. वरची वाट खालच्यापेक्षा मोठीच हवी. दोन्हींवर माशीजाळी लावा.

काचेला मागून पुढे १५ अंशांच्या आसपास उतार द्या. रत्नागिरी जिल्ह्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य डोक्यावरच येतो, त्यामुळे ऊन पकडायला उताराची फार गरज नाही. तो हवा चढावी आणि वळवाचं पाणी ओघळून जावं यासाठी आहे.

पेटी झाली की सकाळी अकराला, उन्हात तापल्यावर, खालच्या भोकापाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन वरच्या फटीतून बाहेर आला, तर पेटी चालते. तो भोकापाशीच घुटमळला किंवा परत फिरला, तर ट्रे भिंतीला चिकटून हवा अडवतो आहे. ट्रे चारही बाजूंनी २-२ सेंटिमीटर लहान करा आणि पत्र्यापासून १० सेंटिमीटर वर ठेवा. ही पाच मिनिटांची तपासणी मुलांनीच करावी. धूर वळताना दिसला की सगळा विषय त्यांना समजतो.

चिकटपणाचं कारण बहुधा रात्रीचं आहे. आमसुलांना आगळाची पुटं देताना, म्हणजे साल पुन्हा पुन्हा खारवलेल्या कोकमाच्या रसात बुडवताना, मीठ लागतं आणि मीठ खारी, दमट हवा शोषून घेतं. दिवसभर वाळलेली साल उघड्या पेटीत रात्रभर राहिली की सकाळी पुन्हा ओली. संध्याकाळी पाचला, साल अजून कोमट असताना, ट्रे काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ज्या दिवशी पुट द्याल, त्या दिवशी साल रोवळीत तासभर निथळू द्या, मग ट्रेवर एकेरी पसरा. निथळणारा माल पेटीत घातला तर कितीही भोकं पाडा, काम होणार नाही.

आतलं तापमान ५० ते ६० अंशांत ठेवा. थर्मामीटर सालीच्या उंचीवर, पण सावलीत. पुढे गेलं तर वरची फट आणखी उघडा, नाहीतर रंग काळवंडतो. आणि अंगणातली आमसुलं चांगली झाली ही हिरमुसण्याची नाही, तुलनेची गोष्ट आहे. यंदा अर्धा किलो साल पेटीत आणि अर्धा किलो चटईवर जाळीखाली ठेवा. ९, १२, ३ आणि ५ वाजता वजन घ्या, पुट दिल्याच्या दिवशी निथळल्यावर पुन्हा एकदा. शेवटच्या पुटानंतर सलग दोन दिवस वजन तेवढंच भरलं की वाळवण पुरं झालं.

प्रश्न : कोल्डड्रिंकच्या बाटल्यांचे दोन पर्जन्यमापक केले. एकाला बाटलीचाच कापलेला भाग उलटा बसवला, दुसऱ्याला बाजारातलं ११.३ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं. पट्टीने मोजलं तर एकाच दिवशी ६२ आणि ९१ मिलिमीटर. खरा कोणता?
– एक युवा मंडळ, देवगड तालुका

उत्तर : ६२ खऱ्याच्या जवळ. दोन लिटरची बाटली ९.३ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर ११.३ सेंटिमीटरचं नरसाळं तिच्या सुमारे दीडपट क्षेत्रावरचा पाऊस गोळा करतं आणि तो अरुंद बाटलीत उंच दिसतो. ६२ ला १.४८ ने गुणा, ९१ च्या आसपास येतं. तुमचं मोजमाप उत्तम झालंय, फक्त पट्टी चुकीची होती. नरसाळं तसंच राहू द्या. ११.३ सेंटिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर होतं, म्हणून १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. पाणी औषधाच्या मापात किंवा सिरिंजने मोजा.

दोन लिटरची बाटली २०० मिलिमीटरला भरते. कोकणात ते पुरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता. पाच लिटरचा कॅन घ्या आणि मुसळधार दिवशी संध्याकाळीही एकदा रिकामा करून नोंद करा. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, म्हणजे चिखल उडणार नाही. माड १५ मीटरचा असेल, तर त्यापासून ३० मीटर दूर. नोंद रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्याच वेळी.

प्रश्न : अठरा मुलं येतात, पण दोघंच काम करतात आणि बाकीचे बघतात. काय करावं?
– वेंगुर्ले

उत्तर : तिघांचे सहा गट करा. एकाच्या हातात अवजार, दुसऱ्याकडे मोजपट्टी, तिसऱ्याकडे वही, आणि दर अर्ध्या तासाला तिन्ही बदला. सहा गटांना सहा ड्रिल लागत नाहीत. दोन गट भोकं पाडतात, तेव्हा दोन ट्रे बांधतात आणि दोन साल चिरतात. ड्रिल चालवताना गॉगल हवाच, ओढणी आणि मोकळे केस बांधलेले हवेत, आणि मोठं माणूस शेजारी हवं. काचेच्या कडा दुकानातूनच घासून आणा. पहिल्या आठवड्याच्या वह्या उघडून बघा : अक्षर सगळं मुलींचं असेल, तर ड्रिल सगळा वेळ मुलग्यांकडे होतं. पुढच्या शनिवारी सुरुवात उलटी करा. आणि मुलाचं भोक तिरकं जाताना दिसलं, तरी त्याच्या हातातून ड्रिल घेऊ नका. टाकाऊ फळीचे चार तुकडे आधीच ठेवा, तिथे पुन्हा पाडू द्या.