जपानमध्ये पहिल्यांदाच साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, पिणार असाल तर कुठली घ्यावी आणि कशाबरोबर?

तोक्यो, क्योतो, हिरोशिमा असा दहा दिवसांचा बेत आहे आणि दुकानातली सगळ्यात महागडी 'दाईगिंजो' प्रकारची साके घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. जेवणाबरोबर प्यायची असेल तर घेऊ नका.

दाईगिंजोसाठी तांदळाचा दाणा घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी ठेवतात. त्यामुळे तिला सफरचंदासारखा, केळ्यासारखा वास येतो. जेवणाआधी गार करून एक पेला प्या, फार सुंदर लागते. पण ताटात भाजलेला मासा आला की तो वास मधेमधे येतो. जेवताना 'जुनमाई' मागा. तिच्यात वरून अल्कोहोल घातलेलं नसतं आणि भाताची चव शाबूत असते.

मी तोक्योत आठ वर्षं राहतोय. सुरुवातीला मीही तांदूळ किती घासलाय ते सांगणारे लेबलावरचे आकडे बघूनच बाटल्या आणायचो. आता ज्या गावात जातो, तिथली माणसं काय खातात ते आधी बघतो. साके त्या गावच्या पाण्यावर आणि जेवणावरच घडलेली असते. क्योतोजवळच्या फुशिमीचं पाणी तुलनेनं मऊ, म्हणून तिथली साके हळुवार, किंचित गोडसर. ती युदोफूबरोबर, म्हणजे गरम पाण्यातल्या साध्या तोफूबरोबर घ्या. तिथून तासाभरावर कोबेजवळ नादा आहे. तिथल्या 'मियामिझु' पाण्यात खनिजं जास्त आणि लोह अगदी कमी. त्यामुळे यीस्ट जोमानं काम करतं आणि साके कोरडी, ठसठशीत होते. भाजलेल्या माशाला हीच हवी. हिरोशिमाला गेलात तर साइजो गावात उतरा, स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या जवळ साकेचे कारखाने आहेत. मऊ पाण्यात साके बनवायची पद्धत मिउरा सेन्झाबुरो यांनी 1898 मध्ये याच भागात लोकांसमोर मांडली. तिथे कालवं खा.

एक दिवस जास्तीचा मिळाला तर तोक्योहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, एचिगो-युझावाला जा. स्टेशनातच पोनशुकान नावाचं साके चाखायचं ठिकाण आहे. मी गेलो तेव्हा 500 येनला पाच नाणी मिळत होती. भिंतभर यंत्रं, एका नाण्याला एक छोटा पेला, आणि सगळी साके एकट्या निइगाता प्रांतातली. शेजारी तऱ्हेतऱ्हेचं मीठ ठेवलेलं होतं. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून तीच साके पुन्हा प्यायलो तर ती गोड लागली! साके जेवणाबरोबर कशी बदलते ते मला तिथे कळलं.

आणि कोमट साके चुकवू नका. गरम करतात ती हलक्या प्रतीची साके, असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. थंडीत एखाद्या छोट्या इझाकायात, म्हणजे जपानी खानावळ-बारमध्ये, यामाहाई या जुन्या धाटणीच्या पद्धतीची जुनमाई 'नुरुकान' मागा, म्हणजे साधारण 40 अंशांवर. सोबत ओदेनमधला, म्हणजे रसात शिजवलेल्या जपानी पदार्थातला, मुळा. रसात तासन्‌तास शिजलेला तो मुळा आणि त्यावर कोमट साकेचा घोट, यासाठी मी जानेवारीची वाट बघतो. (शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्या रसात बहुधा मासा असतो.)

साकेत अल्कोहोल 15-16 टक्के असतं आणि ती घशाखाली सहज उतरते, म्हणून प्रत्येक पेल्याबरोबर पाणी पीत राहा. घरी न्यायला 720 मिलीची बाटली सोयीची, फक्त तिच्यावर 'नामाझाके' लिहिलेलं नाही ना ते विचारून घ्या. ती पाश्चराइझ केलेली नसते, फ्रिजमध्येच ठेवावी लागते, प्रवासात बिघडेल.