कटर चालू होऊन बंद पडतंय? कार्ब्युरेटर मागवायच्या आधी हे बघा

मोहोळवाले भाऊ, तुमचं दुखणं थोडक्यात असं ना, की ५८ सीसीची चेनसॉ (झाडं तोडायचा कटर), दिवाळीला बांधावरची वेडी बाभळ तोडली आणि तशीच ठेवून दिली, आता काढली तर दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला तेव्हा कुठं चालू झाली, चार-पाच मिनिटं चालते, रेस दिली की घर्र करून बसते, गरम असताना परत चालू व्हायचं नाव नाही, आणि गॅरेजवाला म्हणतोय कार्ब्युरेटरच बदला. थांबा जरा. कार्ब्युरेटर शेवटी बघायची गोष्ट आहे, आपल्याकडं लोकं सुरुवातच तिथनं करतात.

आधी मला सांगा टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? दिवाळीचंच असंल तर बाकी काही बघू नका, आधी ते काढा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, आणि टाकीतला फिल्टर कुठं लोळत असतो, तळालाच. म्हणजे इंजिनला पेट्रोलच्या आधी पाणीच जातंय. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांच्या वर इथेनॉल नको आणि ऑइल मिक्स केलेलं पेट्रोल ३० दिवसांच्या वर ठेवू नका असं सरळ लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल खोक्याबरोबरच रद्दीत जातं त्याला काय करणार. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला किंवा रॉकेल-वार्निशसारखा आंबूस वास आला तर विषय संपला. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून, बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवायची, एवढं केलं तरी निम्मी भानगड होत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं पण बघा. मशीनवर किंवा मिक्सिंगच्या बाटलीवर २५:१ (पेट्रोल २५ भाग, ऑइल १ भाग) लिहिलं असंल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असंल तर लिटरला २० मिली, आणि टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइलच, मोटरसायकलच्या इंजिनचं नाही. काही जण जास्त ऑइल म्हणजे इंजिनला जास्त सेफ असं समजून हात सैल सोडतात, त्यानं प्लग काळा होतो, सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजते, आणि वरून पेट्रोलचं प्रमाण कमी पडून मिश्रण उलट पातळ होतं ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. मशीन बंद कशी पडते ते कान देऊन ऐका. बंद पडायच्या आधी आवाज आपोआप चढत असंल, किंवा रेस दिली की दम सोडत असंल तर पेट्रोल पोचत नाही. धूर काढत, बुडबुड करत गुदमरत असंल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर, चोक नाहीतर सायलेन्सरची जाळी. आणि स्विच दाबल्यासारखी फट्कन बंद होत असंल तर करंट. तुमचं वर्णन पहिल्यात बसतंय. खात्री करायची तर रेस देताना चोक अर्धा ओढून बघा, त्यानं सुधारली तर पेट्रोलच कमी पडतंय असं धरून चाला.

मग पहिला संशय टाकीच्या हवेच्या भोकावर. पेट्रोल खाली जाईल तशी आत हवा यायला पाहिजे, ते भोक भुशानं बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि चार-पाच मिनिटांनी पेट्रोल थांबतं. तुमची वेळ अगदी तीच आहे बघा. बंद पडली की झाकण सैल करा, फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन परत चालू झाली तर रोग सापडला. पण झाकण सावकाश, दोन फेरे दम घेत. भोक बुजलं नसलं तर काय, सोलापूरच्या ४२ डिग्रीत गरम टाकीत उलटा दाब पण असतो, पेट्रोल उडून सायलेन्सरवर गेलं तर कटर राहूद्या, उसाचं पाचट पेटंल. जवळ विडी-काडी नको हे काय सांगायला पाहिजे का.

भोक मोकळं असंल तर टाकीतला फिल्टर वाकवलेल्या तारेनं बाहेर ओढा. काळा, चिकट झाला असंल तर नवीन टाका, स्वस्तात मिळतो. नळी जिथं टाकीच्या भिंतीतनं जाते तिथं चिरली असते बऱ्याचदा, वरून दिसत नाही, बोटानं वाकवली की कळतं. पंपिंगचा फुगा कडक झाला असंल, दाबल्यावर पेट्रोल दिसत नसंल तर तोही बदला.

प्लग काढून बघा. दोरी ओढूनही कोरडा असंल तर पेट्रोल येत नाही, ओला असंल तर ओव्हर, म्हणजे पेट्रोल जास्त झालंय. ओव्हर होण्याचं कारण बहुतेक आपणच, पूर्ण चोकवर ओढत बसतो. पहिला फट् असा खोकला आला की चोक अर्धा करायचा. ओव्हर झालीच तर प्लग काढून, स्विच बंद करून, मशीन उलटी धरून दोरी ओढा, प्लग पुसून वाळवा. स्पार्क बघताना प्लग सिलेंडरच्या धातूला लावा पण भोकापासनं लांब, बाहेर येणारी वाफ पेट घेते. गॅप बऱ्याच मशीनला ०.५ मिमीच्या आसपास असते. बंद पडल्या पडल्या लगेच बघितलं आणि स्पार्क नाही, थंड झाल्यावर आहे, तर प्लगला करंट देणारी कॉइल गेली, मग तिथं कार्ब्युरेटर बदलून काही होत नाही.

एअर फिल्टर आपल्या मातीत रोजच्या रोज झटकायचा, कॉम्प्रेसरची जोराची हवा नको, भोक पडतं. फिल्टर काढून "बघू जरा" म्हणून चालवू नका, पिस्टनला धूळ खाऊ घालण्याचा प्रकार आहे तो. सायलेन्सरची जाळी काढून ब्रशनं घासा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब? दोरीचं हँडल धरून मशीन लोंबकळवा, सरसर खाली आली तर पिस्टन-रिंगचं काम निघालं.

एवढं सगळं ठीक असंल तरच कार्ब्युरेटर, आणि तेव्हाही आधी आतला पडदा आणि बारीक जाळी. पडदा कडक झालेला असतो, डायफ्राम किट कार्ब्युरेटरच्या मानानं लईच स्वस्त पडतं. कार्ब्युरेटरवरचे एल (कमी रेसला पेट्रोल सोडणारा) आणि एच (जास्त रेसला सोडणारा) स्क्रू उगीच फिरवू नका, एच जास्त आवळला की मिश्रण पातळ होऊन पिस्टन खाऊन जातो. फिरवायचाच असंल तर आधी खूण करा आणि एका वेळी अष्टमांश फेऱ्याच्या वर नको. स्लोमध्ये चेन फिरत असंल तर रेसचा स्क्रू थोडा सोडा, फिरती चेन घेऊन झाडावर चढू नका.

तर तुम्ही आज जुनं पेट्रोल काढा, नवीन मिक्स टाका आणि झाकण सैल करून बघा. मशीन जमिनीवर ठेवून, पाय मागच्या हँडलमध्ये, चेन ब्रेक लावून चालू करायची, हातात लोंबकळत दोरी ओढायची नाही. प्लगचा फोटो टाका इथंच, रंगावरनं पुढचं सांगतो.