खुराड्याला २० हजार, पॉलिसीला शून्य

पत्र कुडाळ तालुक्यातून आलंय. लिहिणारे गृहस्थ भांडुपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन होते. मागच्या वर्षी निवृत्त होऊन गावी परतले, नुकतीच साठी पूर्ण झाली. परड्यात ४० गावठी कोंबड्या पाळल्या. गेल्या महिन्यात एका पहाटे वाडीतल्या तीन कुत्र्यांनी खुराड्याची कुजलेली फळी पाडली आणि १४ कोंबड्या मारल्या. खाल्ल्या दोनच, बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या.

आता चार गुंठे परड्याला सिमेंटचे खांब आणि चेनलिंकची जाळी लावायचं कोटेशन आलंय, ९२ हजारांचं. ते विचारतात, "एवढे पैसे घालू का? कोंबड्यांचा विमा निघतो का? कोंबड्या महिन्याला दहा हजार देतील असा माझा हिशोब आहे, म्हणजे वर्षभरात कुंपण वसूल होईल ना?" पुतण्याचा वेगळाच आग्रह आहे, की कुंपण होतंच आहे तर २०० कडकनाथ घ्या, एक कंपनी पक्षी परत विकत घ्यायचा करार करते.

आणि पत्राच्या तळाला, जाता जाता: "पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला बँकेतल्या एफडीचा दोन लाखांचा दुसरा हप्ता आहे. तो भरून उरले तर कुंपणाचं बघीन."

एफडीला हप्ता नसतो.

मी त्यांना त्या 'एफडी'च्या कागदांचे फोटो पाठवायला सांगितले. आले ते विमा पॉलिसीचे. दरवर्षी दोन लाख, दहा वर्षं. मग दोन वर्षं काही नाही. त्यानंतर बारा वर्षं दरसाल ३ लाख २० हजार. बँकेतल्या ताईंनी सांगितलं होतं, "काका, वीस भरायचे, अडतीस मिळणार, सगळं गॅरंटीड." खोटं काहीच नाही त्यात. फक्त पैसे कधी भरायचे आणि कधी मिळायचे, ते सांगायचं राहिलं. काका, तुमचा पहिला चेक येणार तुमच्या ७१व्या वर्षी आणि शेवटचा ८२व्या. हिशोब मांडला तर परतावा बसतो वर्षाला जेमतेम सव्वापाच टक्के. त्याच बँकेची साधी एफडी तुम्हाला साडेसहा देतेय, आणि ती हवी तेव्हा मोडता येते.

पण टक्क्यांवर मी एवढी चिडले नसते. चिडले ते पुढच्या आकड्यांवर.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून तुम्हाला २१ लाख मिळाले. पाच घराच्या दुरुस्तीत गेले, दोन पहिल्या हप्त्यात. उरले १४: बारा एफडीत, दोन बचत खात्यात. पॉलिसीचे अजून नऊ हप्ते बाकी, म्हणजे १८ लाख. चौदा लाखांच्या माणसाला अठरा लाखांची देणेदारी गळ्यात बांधली आणि त्याला 'गुंतवणूक' म्हटलं. शिवाय तुम्हीच लिहिता की काजू आणि कारखान्याची तुटपुंजी पेन्शन धरूनही घरखर्चाला महिन्याला पंधरा हजार कमी पडतात. ते वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. त्यात हप्त्याचे दोन मिळवा, व्याज वजा करा. मी वर्षावर्षाचं मांडून पाहिलं. चौथ्या वर्षाअखेर तुमच्याकडे पन्नास हजार उरतात. तेव्हा तुम्ही ६४ वर्षांचे असाल आणि पाच हप्ते भरायचे राहिलेले असतील.

म्हणून उत्तर: दुसरा हप्ता भरू नका. बँकेतून फोन येईल, "निदान दोन तरी भरा, नाहीतर पहिला बुडेल." दोन लाख वाचवायला आणखी दोन लाख घालायचे, हा सल्ला देणाऱ्याच्या फायद्याचा असतो. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेव्हा ५ तारखेची धास्ती सोडा. तेवढे दिवस कामाला लावा.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत कधीच उलटलीय. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केली, तरी काही रक्कम द्यावी लागते. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. आकडा कंपनीकडून लेखी मागा, तोंडी नको. पूर्ण दोन लाख परत येतील या आशेवर बसू नका.

सरेंडरवर सही करण्याआधी मात्र एक अर्ज द्या, प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मची, प्रत मागणारा. त्यात 'व्यवसाय' आणि 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यांत काय लिहिलंय ते बघा. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत निवृत्त माणसाचं उत्पन्न आठ-आठ, दहा-दहा लाख लिहिलेलं मी पाहिलंय, आणि सही खाली कोऱ्या फॉर्मवर घेतलेली. तुमच्याही फॉर्मवर तसं निघालं तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. 'एफडी सांगून पॉलिसी विकली, उत्पन्न खोटं लिहिलं, पूर्ण हप्ता परत करा' अशी तक्रार विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तक्रारीत रागवायचं नाही, तारखा लिहायच्या.

आता उरलेल्या चौदा लाखांचं. साठी पूर्ण झालीय, तेव्हा पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्यासाठी खुली आहे, सध्या ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला हातात. एफडीतले बारा लाख तिकडे नेले तर तिमाहीला २४,६०० मिळतील, म्हणजे महिन्याला ८,२००. एफडीपेक्षा वर्षाला वीस हजार जास्त. मुदतीआधी मोडल्याचा दंड कापतील, तो किती ते आधी विचारा, पण तेवढ्यासाठी अडून राहू नका. खातं बायकोसोबत संयुक्त काढा. बचत खात्यातले दोन लाख अडीअडचणीला तसेच राहू देत.

तरीही महिन्याला सहा-सात हजार कमी पडतात. महागाई धरली तर हे पैसे तुम्हाला सत्तरीपर्यंत नेतील, फार पुढे नाही. यावर कोणतीही योजना उपाय नाही, पण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय, "गावात पंपाची मोटर जळली की मलाच बोलावतात, शेजारधर्म म्हणून करून देतो." काका, शेजारधर्म एका मोटरीपुरता. मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेला माणूस वाडीत असणं म्हणजे काय, हे उन्हाळ्यात बागेला पाणी थांबलं की कळतं. मजुरीचा दर ठरवा आणि घ्या. महिन्याला दहा कामं झाली तरी खड्डा बुजतो.

आता कोंबड्या. तुमचा दहा हजारांचा हिशोब असा असणार: पंचवीस कोंबड्या, रोज पंचवीस अंडी, तेरा रुपये अंडं. गावठी कोंबडी रोज अंडं देत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. वर्षाला साठ-ऐंशी, मधे खुडूक होते, मग पिल्लांमागे फिरते. सत्तर धरू: १,७५० अंडी. अडीचशे उबवायला ठेवली, दीड हजार बारा रुपयांनी विकली, १८ हजार. देवाच्या राखणीला, जत्रेला, पाहुण्यांना म्हणून वर्षाला तीस पक्षी सहाशेच्या भावाने गेले, आणखी १८. वरचं धान्य पक्ष्याला रोज चाळीस ग्रॅम धरलं तरी वर्षाला सोळा हजार, मानमोडीची लस आणि औषधं दोन हजार. उरले १८ हजार. महिन्याला दीड हजार आणि घरची अंडी. वाईट नाही, पण पगारही नाही. आणि एफडी पोस्टात हलवली तर तीच याहून जास्त देते, शिवाय तिला कुत्रं लागत नाही.

त्यामुळे ९२ हजारांचं कुंपण वसूल व्हायला पाच वर्षं, आणि कोकणच्या पावसात पाच वर्षांत त्या जाळीचं काय होतं ते शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बघा. शिवाय पाच फुटी जाळीखालून कुत्रं उकरून येतं आणि मुंगूस तर आरपार जातं. तुमची अडचण परड्याची नाहीच. कोंबड्या मेल्या त्या रात्रीच्या खुराड्यात. तेवढंच पक्कं करा.

आठ बाय सहाचं खुराडं ४० पक्ष्यांना रात्रीपुरतं पुरतं. खाली जांभ्याच्या चिऱ्याचे दोन थर, म्हणजे उकरायचा प्रश्न मिटला. षट्कोनी भोकांची ती पातळ 'कोंबडी जाळी' घेऊ नका, ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही. वेल्ड मेश घ्या, जाड तारेची, खालचे दोन फूट अर्ध्या इंची. दारासमोर जिथे माती मोकळी आहे तिथे दीड फूट जाळी जमिनीवर आडवी अंथरून वर दगड ठेवा. कुत्रं भिंतीच्या मुळाशीच उकरायला लागतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. कडी दोन, एक वर, एक खाली. आत बसायला दांड्या. चिरे वाडीतले, वेल्डिंग तुमचं स्वतःचं, तर वीस हजारांच्या वर जाता कामा नये. बचत खात्यातून करा. वर्ष-सव्वा वर्षात वसूल आहे.

विमा शोधत फिरू नका. तुमचं नुकसान झालं साडेआठ हजारांचं. दुखलं, पण घर बसलं नाही. जे नुकसान खिशातून सोसता येतं त्याचा विमा काढायचा नसतो. ज्याचा काढायला हवा त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही: दोघांचा आरोग्य विमा आहे का? काकूंना शुगर आहे असं ओझरतं लिहिलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांत. त्या योजनेचं कार्ड या महिन्यात काढून घ्या आणि जवळचं कोणतं रुग्णालय त्यात बसतं ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

तीन कुत्र्यांपैकी एकाच्या गळ्यात पट्टा होता म्हणता. मग त्याला मालक आहे. पोलीस नको, वाडीत चार माणसांसमोर बसा आणि त्याच्या वाट्याचे पैसे मागा. बाकी दोघांसाठी ग्रामपंचायतीला लेखी द्या. २०२३च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. लगेच काही होईल असं नाही, पण दुसऱ्यांदा असं झालं तर तो कागद उपयोगी पडतो. वळणावरचा चिकनवाला आतडी-पिसं कुठे टाकतो तेही त्यात लिहा. कुत्री तिथेच जमतात आणि तिथूनच वाडीत शिरतात. मटणात विष घालायचा जो सल्ला कुणी दिलाय तो विसरा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि विष पट्टा बघून मारत नाही, शेजाऱ्याचं वासरूही मारतं.

पुतण्याला सांगा, २०१९ मध्ये इस्लामपूरला कडकनाथचं काय झालं ते गावात विचार. तिथेही करार होता, तिथेही पक्षी परत घेणार होते, घेतले नाहीत. विषय संपला.

सोमवारी आधी बँकेत जाऊन प्रपोजल फॉर्मच्या प्रतीचा अर्ज द्या, पोच घ्या. दोन लाख भरायला खात्यात ऑटो-डेबिट लावलं असेल तर त्याच दिवशी बंद करा, हे विसरलात तर बाकीचं सगळं पाण्यात. चिरे मग आणा. खुराडं होईपर्यंत उरलेल्या सव्वीस कोंबड्या रात्री पडवीत, चार डालग्यांखाली, प्रत्येकावर एक चिरा.