बँड सोडून पहिला सोलो अल्बम काढतोय, गाणी बँडमध्ये असतानाच केली होती. स्टुडिओत जावं की घरीच रेकॉर्ड करावं? खर्च, मास्टरिंग वगैरे कसं जमवायचं?

तुम्ही स्टुडिओ, खर्च, मास्टरिंग (म्हणजे शेवटी सगळ्या गाण्यांचा आवाज नीट बसवणं) सगळं विचारलंय आणि मधेच एक वाक्य हळूच टाकून पुढं गेलाय, की गाणी बँडमध्ये असतानाच केली होती. अहो, खरी भानगड तिथंच आहे! माईक कुठला घ्यायचा ते नंतर बघू.

मी बेळगावचा, वडगावात घर. आमचा बँड म्हणजे गणपतीत मंडळांपुढं, लग्नाच्या हॉलमध्ये, कधी कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवणारा. हिंदी हिट गाणी संपली की शेवटी माझी एकदोन घुसवायची, तोवर लोक जेवायला उठलेले असायचे. शब्द माझे, चाल माझी, गाणारा मी. तर मी स्वतःचा अल्बम काढायचं बोललो तसा आमचा गिटारवाला म्हणाला, "असं काय करालास रे? चाल माझ्या गिटारवर बसलीय की, अर्धं गाणं माझं." चहाच्या गाड्यावर सुरू झालेलं हे भांडण रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, ड्रमर ग्रुप सोडून गेला, आणि कीबोर्डवाला दोघांच्याही मेसेजला अंगठा देत बसला.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, चार कॉर्ड धरल्या म्हणून कोण संगीतकार होत नाही. सी, जी, ए मायनर, एफ यावर किती गाणी उभी आहेत, मोजत बसा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात शब्द लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याची, आणि रेकॉर्डिंग निर्मात्याचं, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करून घेतलं त्याचं. तिन्ही हक्क वेगवेगळे. म्हणजे बँडनं वर्गणी काढून केलेला जुना डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, तुमच्या एकट्याचा नाही, त्यातला एक तुकडाही उचलू नका. पण शब्द आणि चाल खरंच तुमची असेल तर तेच गाणं नव्यानं रेकॉर्ड करायला कुणाला विचारायची गरज नाही.

आता घर की स्टुडिओ, तर घर. गिटारवाल्याचं दुसरं टुमणं हेच होतं, "पुण्याला जाऊन नीट कर, असलं घरगुती कोण ऐकतंय." आता याचा देव कोण, तर बीटल्स या इंग्लंडच्या गाजलेल्या बँडमधला पॉल मॅकार्टनी! आणि त्या देवाचा बीटल्सनंतरचा पहिला सोलो अल्बम, १९७० चा, त्यातलं बरंचसं त्यानं घरीच चार ट्रॅकच्या मशीनवर केलंय, वाद्यं सगळी स्वतः वाजवून. हे सांगितलं तर म्हणतो, "तो मॅकार्टनी हाय मर्दा, तू कोण?"

आमच्या घराची अडचण म्हणजे भिंतीला लागून पॉवरलूम. वडगावात राहणाऱ्याला सांगायला नको, दिवसरात्र खटक खटक, आपल्याला सवय झालेली असते पण कंडेन्सर माईकला, म्हणजे बारीक आवाजही पकडणाऱ्या माईकला, नसते, तो मागाच्या धोट्याचा आवाजसुद्धा उचलतो. माग बंद कधी, तर करंट गेल्यावर. मग मी तेच धरलं. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, माईकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो, बाहेरच्या करंटची गरजच नाही. लाईट गेली की अख्खी गल्ली शिव्या घालायची आणि मी दाराला रजई टांगून गायला बसायचो. पंखा बंद, घाम हनुवटीवरून वहीवर, शब्द पुसट व्हायचे. एका गाण्याच्या शेवटच्या ओळीवर शेजारच्या काकींनी ओरडून विचारलं, "आमचीच गेलीय की समद्यांची?" आवाज एवढा चांगला लागला होता की मी तो टेक तसाच ठेवला, काकींसकट. लोक त्याच गाण्याबद्दल जास्त बोलतात.

खर्चाचा आकडा सांगत नाही, तुमच्याकडं काय आहे त्यावर ठरेल. पण खर्च भरून निघेल या भ्रमात राहू नका. स्पॉटिफाय २०२४ पासून वर्षात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच देत नाही. कुणी लेबलवाला, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा माणूस, कागद घेऊन आला तर सही करायच्या आधी मुदत बघा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, म्हणून तर ते लोक 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' आधीच छापून आणतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीनं काढून घेता येत नाही, ती रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा.

आणि हो, वर मी कॉर्डवाल्यांना झोडपलं, पण गाण्याच्या सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा, ज्यावरून लोक गाणं ओळखतात, तो त्यानं बसवलेला असेल आणि तुम्ही तो तसाच ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथं त्याला विचारा, नाव द्या, वाटा किती ते लिहून घ्या. मी एका गाण्याला दिलंय नाव. त्यावर साहेब काय म्हणाले, "उपकार केलास." आता काय बोलायचं? शब्द दुसऱ्या कवीचे असतील तर त्यांची लेखी परवानगी लागणारच. अभंग घेतलात तर तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, पण आजच्या कुणी लावलेली चाल मोकळी नाही.

मास्टरिंग तेवढं बाहेरून करून घ्या, आणि जो करेल त्यानं ती गाणी आधी ऐकलेली नसावीत. गिटारवाल्याला तर अजिबात देऊ नका, गिटारच वर काढून ठेवेल.