वाचकांचे प्रश्न : रुपेरी पडद्यावर संगणक कधी आला?

प्रश्न : आमच्याकडे चादरीची नक्षी जकार्ड मागावर चढण्यापूर्वी आलेखाच्या कागदावर एकेक चौकट भरून काढली जाते. संगणकावरचे चित्रही अशाच चौकटींचे असते, असे माझा मुलगा सांगतो. चित्रपटात असे चित्र प्रथम कधी वापरले गेले? १९८२ चा ‘ट्रॉन’ हा पहिला, असे म्हणतात ते खरे आहे का?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ‘ट्रॉन’ पहिला नव्हे. १९७३ च्या ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये एका यंत्रमानवाला समोरचे जग कसे दिसते हे दाखवायचे होते. त्यासाठी जॉन व्हिटनी (धाकटे) आणि गॅरी डेमॉस यांनी चित्रित झालेली फिल्म संगणकात उतरवली, प्रत्येक चित्राचे चौकोनी तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला त्यातील छटांची सरासरी दिली आणि तयार झालेले चित्र पुन्हा फिल्मवर घेतले. दहा सेकंदांच्या दृश्याला सुमारे आठ तास लागत. आपला नक्षीकार चौकटी जोडून फूल उभे करतो. येथे माणसाचे चित्र मोडून त्याच्या चौकटी केल्या गेल्या.

१९७६ च्या ‘फ्यूचरवर्ल्ड’मध्ये त्रिमितीय हात दिसला. तो एड कॅटमल यांनी १९७२ मध्ये युटा विद्यापीठात स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन तयार केलेला होता. पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’मध्ये लॅरी क्यूबा यांनी शत्रूच्या तळावरील खंदकाचा नुसत्या रेषांचा आराखडा हलता करून दाखवला. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते : ही चित्रे कथेतही यंत्राचीच चित्रे आहेत, म्हणजे यंत्रमानवाची दृष्टी किंवा उपकरणाच्या पडद्यावरची आकृती. संगणकाला त्या काळी जेवढे जमत होते, तेवढेच मागणारे प्रसंग दिग्दर्शकांनी शोधून काढले, आणि ही निवड मोठ्या समजुतीची होती.

‘ट्रॉन’ची कथा तर संगणकाच्या आतच घडते. त्यात संपूर्णपणे संगणकाने घडवलेली दृश्ये पंधरा-वीस मिनिटांची आहेत; नटांच्या अंगावरची चकाकी मात्र संगणकाची नाही. कृष्णधवल फिल्मवर चित्रित केलेली त्यांची छबी मोठ्या पारदर्शक पत्र्यांवर उतरवून, पाठीमागून प्रकाश टाकून, चित्रामागून चित्र अशी ती हाताने साधली आहे. संगणकाच्या दृश्यांतही कष्ट कमी नव्हते. एखादी वस्तू अवकाशात नेमकी कोठे आहे आणि कोणत्या बाजूला कललेली आहे हे सांगण्यासाठी सहा संख्या लागतात, आणि एका सेकंदात चोवीस चित्रे असतात. म्हणजे एकाच वाहनाच्या एका सेकंदाच्या हालचालीसाठी १४४ संख्या. त्या कलावंतांनी कागदावर मांडून दिल्या आणि मग त्या संगणकात भरल्या गेल्या. तरीही ऑस्करच्या दृश्यपरिणामांच्या विभागात या चित्रपटाला नामांकन मिळाले नाही. संगणक वापरणे म्हणजे लबाडी, अशी तेव्हा समजूत होती, असे दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गर यांनी पुढे सांगितले आहे. तो अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी झेप त्याच वर्षी ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात दिसते. एका उजाड ग्रहावर आगीचा लोट पसरतो आणि त्यामागून डोंगर व पाणी प्रकट होते, असे जेमतेम एका मिनिटाचे ते दृश्य आहे. गोल, नळकांडे आणि ठोकळा यांच्या जोडणीतून आग साधत नाही, कारण ज्वालेला ठरलेला पृष्ठभागच नसतो. विल्यम रीव्ह्ज यांनी असंख्य सूक्ष्म कण कल्पिले, प्रत्येकाला जन्म, वेग, रंग आणि अंत दिला व त्यांच्या समूहातून आग निर्माण केली. लॉरेन कारपेंटर यांनी साध्या त्रिकोणांची पुन्हा पुन्हा अनियमित विभागणी करून डोंगर उभे केले. संगणकाने यंत्राऐवजी निसर्ग रंगवला तो येथे, म्हणून पहिलेपणाचा मान कोणालाही द्यावा, परंतु वळणाचा मान मी या मिनिटाला देईन.

त्यानंतर १९८५ च्या ‘यंग शेरलॉक होम्स’मध्ये चर्चच्या खिडकीतून रंगीत काचेचा योद्धा खाली उतरतो. काचेचे तुकडे सपाट असल्यामुळे ती निवडही हुशारीचीच होती. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये कातडी, स्नायू आणि वजन असलेले प्राणी आले, त्यांतील संगणकाने घडवलेली दृश्ये मात्र सारी मिळून सुमारे सहा मिनिटांचीच आहेत.

प्रश्न : ‘मिस्टर इंडिया’तील अदृश्य होण्याचे प्रसंग संगणकावर केले होते का?
— एक विद्यार्थिनी, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : नाही. १९८७ च्या त्या चित्रपटाचे दृश्यपरिणाम पीटर परेरा यांचे आहेत आणि ते कॅमेऱ्याच्या करामतींवर उभे आहेत. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे : दादासाहेब फाळके यांनी पहिला चित्रपट काढण्याआधीच कुंडीतल्या बीचे रोप होताना एकेक चित्र टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती.