अवेळी बोलावलं तर जास्त घे
सकाळी १० ते सायंकाळी ७, ही वेळ पार्लरच्या दारावर लिहून लाव. त्याबाहेरच्या कामाला निदान सव्वापट घे, पण बुकिंगलाच सांग. मेकअप झाल्यावर आकडा वाढवला की नवरीची मावशी मांडवातच भांडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, म्हणून बरीच लग्नं सकाळी नाहीतर गोरजावर. सकाळचं असलं की पहाटे ४ ला उठणं आलंच. खेड्यावर जायचं तर गाडीभाडं वेगळं, त्या वेळी एसटी कुठली? निम्मे पैसे आधीच घे. शेजारची वहिनी रात्री आयब्रोला आली तर मात्र जास्त मागू नको, ‘उद्या या’ म्हण. एकदा बसवलं की रोजच येतात बाया!